खाऱ्या पाण्यांतील नवा पाहुणा



गोदावरीच्या कांठीं वसलेलें नांदेड आणि बालाघाटाच्या पठारावरील लातूर, हीं दोन्ही शहरें समुद्रापासून शेंकडों किलोमीटर दूर आहेत. तेथील बहुतेकांनीं समुद्र प्रथम पाहिला तो पुस्तकांतील चित्रांत आणि नंतर कधीं तरी मुंबईच्या चौपाटीवर. अशा ठिकाणीं कोणी समुद्रांतला जिवंत मासा आपल्या बैठकीच्या खोलींत पाळील, असें पन्नास वर्षांपूर्वीं सांगितलें असतें, तर ऐकणारा हंसला असता. आज तसें राहिलें नाहीं. समुद्राच्या पाण्याचे क्षार पिशव्यांतून विकत मिळतात, विजेचा पंप मिळतो, आणि प्राणवायु भरलेल्या पिशवींत बसून मासाही मुंबईहून रात्रीच्या गाडीनें येतो. परंतु मासा विकत घेणें सोपें झालें म्हणून तो जगविणें सोपें झालें, असें मात्र नव्हे. नव्यानें आणलेला सागरी मासा पहिले कांहीं आठवडे इतरांपासून वेगळा कसा ठेवावा, आणि त्याला काय व किती खाऊं घालावें, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण पुष्कळ घरांतील पुष्कळ मासे याच दोन गोष्टींच्या अज्ञानामुळें मरतात.

समुद्रांतले जीव कांचेच्या पेटींत ठेवण्याचा छंद तसा फार जुना नाहीं. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें. सार्वजनिक मत्स्यालय म्हणतां येईल असें तें पहिलेंच. पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस या निसर्गाभ्यासकाचें पुस्तक प्रसिद्ध झालें आणि ‘अॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. क्षार मिसळून समुद्राचें पाणी घरींच तयार करण्याचे प्रयोगही त्यानें त्याच सुमारास केले. महाराष्ट्रांत सामान्य माणसाला हें दर्शन घडलें तें मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळें. १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. मराठवाड्यांतून मुंबईस गेलेला माणूस तें पाहिल्यावांचून परतत नसे. २०१५ सालीं नव्या रूपांत तें पुन्हां उघडलें, आणि २०२० च्या महामारींत त्याचीं दारें बंद झालीं. त्या मत्स्यालयाच्या दारापाशींच समुद्र होता. नांदेडला तो पिशवींतून आणून पाण्यांत विरघळवावा लागतो, हा भेद छंद करणाऱ्यानें प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे.

नांदेडच्या वजिराबाद भागांतील एका घरची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. घरांत कापडाचा व्यापार करणारे गृहस्थ, त्यांचे कंधारकडील खेड्यांत शेती केलेले वृद्ध वडील, आणि आठवींत शिकणारी मुलगी. दोनशे लिटरांची टांकी चार महिने उत्तम चालली होती. तींत दोन निळे डॅमसेल, एक विदूषक मासा म्हणजे क्लाउन, कांहीं शंखगोगलगायी आणि एक कोळंबी असा परिवार होता. गृहस्थांनीं एके दिवशीं सर्जन जातीचा एक सुंदर निळा मासा विकत आणला. असल्या माशाला खरें तर याच्या दुपटीहून मोठी टांकी हवी. पण त्याचा रंग पाहून त्यांना मोह आवरला नाहीं. पिशवी उघडून त्यांनीं मासा थेट टांकींत सोडला.

तिसऱ्या दिवशीं त्या माशाच्या परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसूं लागले. पांचव्या दिवशीं ते आपोआप नाहींसे झाले. दुखणें गेलें असें समजून घरांत आनंद झाला व शेजाऱ्यांना पेढे देण्याची गोष्टही निघाली. पण बाराव्या दिवशीं पाहतात तों केवळ नवाच नव्हे, तर टांकींतला प्रत्येक मासा ठिपक्यांनीं भरून गेलेला. विसाव्या दिवशीं टांकींत मासा उरला नाहीं. गोगलगायी व कोळंबी मात्र पूर्वींसारख्याच फिरत होत्या.

गृहस्थांनीं टांकी विकून टाकावयाचें ठरविलें. मुलीनें आजोबांना विचारलें, “आजोबा, एका माशाच्या दुखण्यानें सगळे कसे मेले?”

म्हाताऱ्यांनीं उत्तर दिलें, “माय, मला मासे कळत नाहींत. पण हाळीच्या बाजारांतून आणलेला बैल आम्ही पहिल्या दिवशीं दावणीला बांधत नसूं. पंधरा-वीस दिवस त्याला निराळ्या झाडाखालीं ठेवायचें, निराळ्या घमेल्यांत पाणी पाजायचें. बाजारांत तो कोणाकोणाच्या शेजारीं उभा होता, आपल्याला काय ठाऊक?”

या एका उत्तरांत सर्व शास्त्राचें सार आलें आहे. उदगीरकडील हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार किंवा लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें निराळें सांगावयास नको. देवणी आणि लाल कंधारी गुरें सांभाळणाऱ्या या प्रदेशांतील शेतकऱ्यांनीं लाळ्या-खुरकुताचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे. नवें जनावर आपल्याबरोबर न दिसणारा रोग आणतें, हें त्यांना पुस्तकावांचून कळलें. माशांच्या दुकानांत तर एकाच पाण्यावर अनेक टांक्या चालतात. ठिकठिकाणांहून आलेले मासे एकमेकांचें पाणी वापरतात. तें दुकान म्हणजे एक प्रकारचा जनावरांचा बाजारच होय.

आतां त्या पांढऱ्या ठिपक्यांचें गूढ पाहूं. हा रोग ‘क्रिप्टोकॅरिऑन’ नांवाच्या एकपेशीय जीवापासून होतो. त्याला हें शास्त्रीय नांव १९५१ सालीं मिळालें. हा जीव माशाच्या कातडींत व कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस पोसला जातो. तेव्हां ठिपका दिसतो. पोट भरलें कीं तो मासा सोडून खालीं पडतो, वाळूला अगर दगडाला चिकटून स्वतःभोंवतीं कवच करतो. ठिपके गेले असें माणसाला वाटतें तें याच वेळीं. त्या कवचाच्या आंत एकाचे शेंकडों होतात. कवच फुटावयास कमींत कमी तीन दिवस लागतात. बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत तें फुटतें, पण क्वचित् बहात्तर दिवसांपर्यंत तें टिकल्याचेंही आढळलें आहे. बाहेर पडलेल्या पिलांना एक-दोन दिवसांत मासा सांपडला नाहीं तर तीं मरतात. समुद्र अफाट असल्यामुळें तेथें बहुतेकांना मासा सांपडत नाहीं. दोनशे लिटरांच्या पेटींत मात्र प्रत्येकाला सांपडतो. समुद्रांत जें किरकोळ दुखणें, तें घरच्या टांकींत साथ होऊन बसतें याचें कारण हेंच. नांदेडच्या त्या घरीं पांचव्या दिवशीं पेढ्यांची गोष्ट निघाली, तेव्हां टांकीच्या तळाशीं मरणाची पेरणी झालेली होती.

मग त्या मोठ्या टांकींतच औषध कां घालूं नये, असा प्रश्न येतो. या रोगावर तांबें हें जुनें व खात्रीचें औषध आहे. परंतु जितकें तांबें रोगजंतूला मारतें, तितकेंच कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांनाही मारतें. शिवाय चुनखडीचे दगड व वाळू तांबें शोषून घेतात, त्यामुळें पाण्यांत किती उरलें याचा भरंवसा राहत नाहीं. म्हणून औषध करावयाचें तें वेगळ्या भांड्यांत, आणि वेगळें भांडें मासा आणण्यापूर्वींच तयार पाहिजे. आग लागल्यावर विहीर खणण्याचा उपयोग होत नाहीं.

वेगळें ठेवणें या शब्दाची कित्येकांना धास्ती वाटते. क्वारंटीन हा मूळ शब्द व्हेनिसकडचा. त्याचा अर्थ चाळीस दिवस. त्यापूर्वीं १३७७ सालीं रागूसा बंदरानें परक्या प्रवाशांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला होता. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां लोकांना बळजबरीनें घरांतून काढून छावण्यांत नेलें, आणि त्या शब्दाचा आपल्याकडे तिटकारा बसला. २०२० सालीं सर्वांनींच विलगीकरणाचा अनुभव घेतला. त्यांतून एक गोष्ट उघड झाली: वेगळें ठेवणें ही शिक्षा होतां कामा नये. ज्याला वेगळें ठेवावयाचें, त्याच्या खाण्यापिण्याची आणि मनःस्वास्थ्याची काळजी अधिकच घेतली पाहिजे. माशालाही हाच नियम लागू आहे.

लहान माशासाठीं वीस ते चाळीस लिटरांची कांचेची टांकी किंवा खाण्याचे पदार्थ ठेवण्याच्या प्रतीचें प्लॅस्टिकचें टोपलें पुरतें. तळाशीं वाळू नको, दगड नको. लपावयास प्लॅस्टिकच्या नळाचे एक-दोन तुकडे ठेवावेत. ज्याला आडोसा नाहीं तो मासा भीतीनेंच खंगतो. वर झांकण हवें, कारण नवा मासा पाण्याबाहेर उडी मारतो. हवेचा पंप हवा, आणि वीज जाण्याचा आपल्याकडील अनुभव लक्षांत घेतां बॅटरीवर चालणारा दुसरा पंपही हवा. गोड्या पाण्यापेक्षां खाऱ्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो आणि पाणी तापलें कीं आणखी कमी होतो.

पाणी करतांना लिटरास सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार लागतात. स्वयंपाकघरांतील मीठ चालत नाहीं. समुद्राच्या पस्तीस ग्रॅम क्षारांत साधें मीठ सत्तावीस ग्रॅमांच्या आसपास असतें. बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार असतात व त्यांवांचून मासा जगत नाहीं. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतें, बोअरचें पाणी जड असतें. यास्तव शुद्धीकरण यंत्राचें पाणी घेणें उत्तम. क्षार मिसळल्यावर पाणी हवेच्या पंपानें एक दिवस ढवळूं द्यावें. उष्णमान २५ ते २७ अंश असावें. मराठवाड्याच्या वैशाखांत हवा ४२ अंशांवर जाते, तेव्हां पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडावा. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें हेंही दोन-तीन अंश उतरतें. मात्र यांत पाणी उडून जातें आणि क्षार मागें राहतात. म्हणून कांचेवर खूण करून ठेवावी आणि पाणी खुणेखालीं गेलें कीं वर गोडें पाणी घालावें. खारें पाणी घातलें तर खारटपणा दिवसेंदिवस वाढत जातो. पुष्कळ मासे रोगानें नव्हे, तर या साध्या चुकीनें दगावतात.

मासा घरीं आला कीं दिवे मंद करावेत. पिशवी न उघडतां पंधरा-वीस मिनिटें टोपल्यांतील पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोहोंचें उष्णमान सारखें होतें. पुष्कळ लोक नंतर पिशवी उघडून तींत तासभर थेंब थेंब पाणी सोडतात. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माशाला हें धोक्याचें आहे. बारा-चौदा तासांच्या प्रवासांत माशाच्या कल्ल्यांतून निघालेला अमोनिया पिशवींत सांचतो. पण श्वासाचा कार्बन वायुही सांचून पाणी किंचित् आम्ल झालेलें असतें, आणि आम्ल पाण्यांत अमोनियाचें विष बोथट असतें. पिशवी उघडली कीं तो वायु उडून जातो, आम्लता उतरते आणि तेंच विष प्रखर होतें. म्हणून पिशवीचें पाणी किती खारट आहे हें दुकानदाराला आधींच विचारून टोपल्यांतील पाणी तितकेंच खारट करावें, पिशवी उघडतांच खारटपणा एकदां पडताळून पाहावा, आणि मासा लगेच आंत घ्यावा. पिशवीचें पाणी टोपल्यांत पडूं देऊं नये.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टाळण्याची औषधावांचूनची एक रीत आहे आणि ती आपल्या हवेला फार मानवते. वर सांगितल्याप्रमाणें रोगजंतूचें कवच तीन दिवसांच्या आंत फुटत नाहीं. तेव्हां दर तिसऱ्या दिवशीं, बहात्तर तास पूर्ण होण्यापूर्वीं, मासा नव्या पाण्याच्या कोरड्या-स्वच्छ टोपल्यांत हलवावा. जुन्या टोपल्यांत पडलेलीं कवचें फुटण्याआधींच मासा तेथून गेलेला असतो. जुनें टोपलें, नळाचे तुकडे, पंपाची नळी हीं सर्व धुऊन कडकडीत उन्हांत वाळवावींत. वाळलें कीं जंतु मरतो. असे चार वेळां हलविलें म्हणजे बारा दिवसांत मासा या रोगापासून मुक्त होतो. दोन टोपलीं आळीपाळीनें पुरतात. एका टोपल्याची जाळी दुसऱ्यांत बुडवूं नये, इतकें पथ्य पाळावें.

ही रीत सर्व रोगांवर चालत नाहीं. मखमली रोग म्हणून दुसरा एक आहे. त्यांत अंगावर बारीक सोनेरी धूळ पडल्यासारखी दिसते, मासा उजेड टाळतो, पंपाच्या धारेपाशीं उभा राहतो व धापा टाकतो. तो चार-दोन दिवसांत प्राण घेतो. तेथें तांबेंच लागतें. त्याचें प्रमाण, साध्या तांब्याच्या क्षाराच्या बाबतींत, लिटरास ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखावें लागतें, तेंही सुमारें तीन आठवडे आणि रोज मोजून. शेतांत फवारावयाचा मोरचूद चिमटीनें टाकणें म्हणजे औषध नव्हे, विषप्रयोग होय. मोजण्याचें साधन नसेल त्यानें तांब्याला हात लावूं नये. कल्ल्यांतील चपट्या कृमींसाठीं निराळें औषध आहे, तें पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावें. बारा दिवसांनंतरही मासा महिना पुरा होईपर्यंत वेगळा ठेवून नजरेखालीं असावा.

आतां अन्नाविषयीं. पहिल्या दिवशीं मासा खात नाहीं, आणि त्याला खाऊं घालूंही नये. दमलेला पाहुणा आल्याबरोबर त्याच्यापुढें ताट वाढीत नाहींत. आधीं पाय धुवावयास पाणी देतात. दुसऱ्या दिवशीं दिवा मंद ठेवून अगदीं थोडें अन्न द्यावें आणि दूर सरून पाहावें. दिवसांतून दोन-तीन वेळां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. माशाचें पोट त्याच्या डोळ्याएवढें समजून चालावें. उरलेलें अन्न नळीनें काढून टाकावें. कारण टोपल्यांत गाळणी रुजलेली नसते आणि सडलेलें अन्न अमोनियाच होतें. नेहमींच्या टांकींत तो अमोनिया पचविणारे उपकारक जंतु असतात; येथें ते नसतात, म्हणून अमोनिया मोजण्याचा रोजचा परिपाठ ठेवावा. पुढील निरीक्षणाच्या काळासाठीं स्पंजाची एक गाळणी चार आठवडे अगोदर निरोगी टांकींत ठेवून रुजवून घ्यावी.

नवा मासा कोरड्या गोळ्यांना अन्न म्हणून ओळखत नाहीं. त्याला हालचाल हवी. त्यासाठीं आर्टेमियाचीं अंडीं मिळतात. तीं खाऱ्या पाण्यांत हवा सोडून ठेवलीं तर सुमारें चोवीस तासांत पिलें बाहेर पडतात. तीं ताजीं असतांनाच द्यावींत, कारण पोटांतला बलक संपला कीं त्यांचें पोषण उतरतें. माशानें तोंड उघडलें कीं गोठविलेली बारीक सागरी कोळंबी द्यावी, आणि मग त्याच कोळंबीबरोबर दोन-चार भिजविलेल्या गोळ्या मिसळीत जावें. आठवड्या-दोन आठवड्यांत तो गोळ्या घेऊं लागतो. सर्जन जातीला शाकाहार अधिक लागतो. त्याला समुद्रशेवाळाची बिनमसाल्याची वडी कांचेला अडकवून द्यावी. कोंबडीचें वा बकऱ्याचें मांस देऊं नये. त्यांतील चरबी माशाला पचत नाहीं.

कांहीं माशांच्या बाबतींत कितीही प्रयत्न केला तरी यश येत नाहीं. कांहीं फुलपाखरू मासे जिवंत प्रवाळाखेरीज कांहीं खात नाहींत. मँडरिन नांवाचा चिमुकला मासा दिवसभर बारीक जिवंत जीव टिपीत फिरतो. नवशिक्यानें ते घेऊंच नयेत. घेण्यापूर्वीं दुकानदाराला नम्रपणें म्हणावें, “भाऊ, याला जरा खाऊं घालून दाखवा.” जो मासा दुकानांत खात नाहीं, तो घरीं खाईल ही आशा बहुधा फोल ठरते. होतां होईल तों पैदास केंद्रांत जन्मलेला मासा घ्यावा. १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें विदूषक माशांच्या अनेक जातींची पैदास करण्याची विद्या आपल्या देशांत सिद्ध केली आहे. असा मासा लहानपणापासून गोळ्या खातो, आणि त्याच्यासाठीं समुद्रांतला एक मासा कमी होत नाहीं. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना तर २००१ सालापासून वन्य जीव संरक्षणाच्या कायद्याचें कवच आहे. तीं कोणी देऊं केलीं तरी घेऊं नयेत.

नांदेडच्या त्या घरीं पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. आजोबांचें बोलणें मुलीनें मनावर घेतलें. टांकी विकली गेली नाहीं. पण रोगाचीं कवचें मरावींत म्हणून ती अडीच महिने माशांवांचून ठेवण्याचें ठरलें. तींत फक्त कोळंबी व गोगलगायी राहिल्या. मुलीनें भिंतीवर दिनदर्शिका लावून रोज एक दिवस खोडावयास आरंभ केला.

याच काळांत तिची आत्या लातूरहून आली. रिकाम्या टांकीजवळची टोपलीं आणि पाण्याचे हिशेब पाहून ती जरा तोडूनच बोलली, “दादा, आमच्याकडे माणसांना आगगाडीनें पाणी आलं होतं. आणि तुम्ही माशाला दर तीन दिवसांनी नवं पाणी देणार?”

तिचें म्हणणें खोटें नव्हतें. २०१६ सालच्या एप्रिलांत मांजरा धरण आटलें, तेव्हां मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आणावी लागली. १२ एप्रिल रोजीं पोंचलेल्या पहिल्या गाडींत दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. ज्यांनीं त्या दिवसांत रात्र रात्र घागरी घेऊन रांगा लावल्या, त्यांना कांचेच्या पेटींतले पाणी डोळ्यांत खुपलें तर नवल नाहीं. गृहस्थ गप्प राहिले. मुलीनें वही आणली आणि हिशेब मांडला. वीस लिटरांचीं पांच टोपलीं म्हणजे बारा दिवसांस शंभर लिटर पाणी व साडेतीन किलो क्षार. शुद्धीकरण यंत्रानें टाकून दिलेलें याच्या दोन-तीन पट पाणी बादल्यांत धरून फरशी, भांडीं आणि कूलर यांना वापरावयाचें. खारें पाणी कुंड्यांना किंवा गोदावरींत टाकावयाचें नाहीं, कारण क्षारांनीं माती मरते. तें मोरींतून सोडावयाचें.

“आणि पुन्हां दुष्काळ पडला तर?” आत्यानें विचारलें.

“तर नवा मासा आणायचा नाहीं,” मुलगी म्हणाली. “जे आहेत तेवढेच सांभाळायचे.”

आत्या यावर कांहीं बोलली नाहीं. पण जातांना तिनें यंत्राची नळी बादलींत नीट पडते कीं नाहीं हें वांकून पाहिलें.

पाऊण महिन्यानंतर विदूषक माशांची एक जोडी आली. मोठ्या टांकीची मुदत संपावयास अजून अवकाश होता, पण वेगळें ठेवण्याचा महिना तींतच बसत होता. मुलीच्या वहींत रोज पाणी किती गरम, किती खारट, काय खाल्लें, किती टाकलें आणि एका मिनिटांत कल्ले किती वेळां हलले, याची नोंद होऊं लागली. चौथ्या दिवशीं धाकट्या माशाच्या परावर तीन पांढरे ठिपके दिसले. वडिलांचा चेहरा उतरला. मुलीनें ठिपके वहींत लिहिले आणि ठरल्या वेळीं मासे दुसऱ्या टोपल्यांत हलविले. सहाव्या दिवशीं ठिपके नाहींसे झाले. या वेळीं कोणी पेढ्यांची गोष्ट काढली नाहीं. नवव्या दिवशीं ठिपका नव्हता. बाराव्या दिवशीं नव्हता. तिसाव्या दिवशींही नव्हता. मुदत पुरी होईपर्यंत घरांतील कोणीही घाई केली नाहीं, आणि आज ती जोडी मोठ्या टांकींत आहे.

माशाला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. बैल हंबरतो, मूल रडतें. मासा नुसता मिटत जातो. म्हणून त्याला पाळणाऱ्याजवळ पाहणारी नजर आणि थांबण्याची तयारी हीं दोन असलींच पाहिजेत. क्षार, पंप व औषधें बाजारांत मिळतात. या दोन गोष्टी मात्र घरींच शिकाव्या लागतात. आणि ज्या घरांत नवें जनावर पहिल्या दिवशीं दावणीला बांधीत नसत, त्या घराला त्या अगदींच परक्या नाहींत.